नाण्यावरची चूक टांकसाळीची की नंतरची? जुनी नाणी तपासताना काय बघावं

वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठल्याही मोहल्ल्यात जा. चार जुन्या घरांपैकी एका घरात तरी दादीच्या पेटीत नाण्यांची पुरचुंडी सापडतेच. त्यात राणीछाप रुपया असतो, चारमिनारवाला निजामी रुपया असतो, भोकाचा पैसा असतो, कधी घासून गुळगुळीत झालेला तांब्याचा जाड पैसाही असतो. एरवी ही पुरचुंडी कुणी उघडत नाही. पण दोन-तीन वर्षांपासून मोबाईलवर व्हिडिओ फिरतात की अमुक नाण्यावर अमुक चूक असेल तर लाखो रुपये मिळतात. मग मुलं पेटी उघडतात आणि आम्हा शिक्षक मंडळींकडे, त्यातही उर्दू वाचणाऱ्यांकडे, नाणी घेऊन येतात. "सर, यात मिस्टेक आहे का?" हा प्रश्न इतक्यांदा आला की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. नाण्यावर काही वेगळं दिसलं म्हणजे ती टांकसाळीची चूक झाली असं नाही. नाणं टांकसाळीतून बाहेर पडण्याआधी जे बिघडलं तेवढीच टांकसाळीची चूक. नंतर जे झालं ते नुसतं नुकसान, मग ते कितीही विचित्र दिसो. संग्राहक पहिल्या प्रकाराला किंमत देतात, दुसऱ्याला नाही. सगळं कसब या दोन्हींतला फरक ओळखण्यात आहे.

हातघडीचं नाणं आणि कलदार

आपल्या बुजुर्गांच्या तोंडी 'कलदार' शब्द होता. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला इंग्रजी रुपया तो कलदार. त्याआधीची नाणी हातघडीची. कारागीर खालचा ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर धातूची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. फारसी-उर्दूत नाणं पाडण्याला 'जर्ब' म्हणतात, आणि जर्बचा साधा अर्थ मार, आघात. नाण्यावर 'जर्ब बुऱ्हाणपूर' असं लिहिलेलं असेल तर ते बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीत ठोकलं गेलं. आपल्या वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, टांकसाळ होती.

हातघडीच्या नाण्यात ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे मजकुराचा एखादा तुकडाच नाण्यावर उमटायचा, बाकीचा बाहेर राहायचा. छाप एका बाजूला सरकलेली, अक्षरं अर्धी, नाणं नीट गोल नाही, कडेला चीर, दोनदा मार बसल्याने अक्षरांची सावली, हे सगळं त्या काळचं रोजचं. मुघल रुपयावर किंवा शिवराईवर असं काही दिसलं म्हणून 'एरर कॉइन' म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर त्याच्या नादी लागू नका. शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति' असतं, पण अक्षरांची वळणं आणि ऱ्हस्व-दीर्घ इतक्या प्रकारे येतात की अभ्यासक त्यांना चुका न मानता प्रकार मानतात. ठसा कोरणारे वेगळे, गावं वेगळी, काळ वेगळा.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावात १९३९ मध्ये सातवाहन राजांच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १६०० नाणी, पोटीन नावाच्या मिश्र धातूची, एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती वाचून प्रसिद्ध केली आणि पुराणांच्या यादीत नसलेल्या राजांची नावं पुढे आली. पण एकेका नाण्यावर नावाची दोन-चार अक्षरंच उमटलेली, बाकी चकतीबाहेर. म्हणून अनेक नाणी शेजारी ठेवून, एकावरचं पहिलं अक्षर, दुसऱ्यावरचं शेवटचं असं जोडत नाव पुरं करावं लागतं. अर्धवट अक्षरांमुळे काही नावांच्या वाचनावर पुढे मतभेदही झाले. त्या नाण्यांना कुणी 'मिसप्रिंट' म्हणून वेगवेगळं विकलं असतं तर ती नावं कधीच जुळली नसती.

हातघडीच्या नाण्यात खरी चूक म्हणून लक्ष द्यावं अशा गोष्टी थोड्या आहेत. एका बाजूला नक्षी सरळ आणि दुसऱ्या बाजूला तीच नक्षी उलटी व खोल गेलेली असणं ही एक. ठसा कोरताना अक्षर किंवा आकडा उलटा कोरला जाणं ही दुसरी. आणि दोन बाजूंची सालं एकमेकांशी न जुळणं ही तिसरी. तिसरी ओळखायला उर्दू-फारसी आकडे यायला हवेत, म्हणून त्यावर जरा थांबतो.

आकडे वाचताना होणारी गल्लत

फारसी सात म्हणजे वरून उघडा कोन, आठ म्हणजे खालून उघडा कोन. नाणं उलटं धरलं की साताचा आठ होतो. दोनाला वर एक खाच, तिनाला दोन. झिजलेल्या नाण्यावर तिनातली एक खाच पुसली की तो दोन दिसतो. शून्य म्हणजे नुसता ठिपका. तो झिजला की १३०५ चं १३५ होतं आणि मग कुणीतरी सांगत सुटतं की नाणं बाराशे-तेराशे वर्षं जुनं आहे. आमच्याकडे आणलेल्या 'चुकीच्या सालाच्या' नाण्यांपैकी बहुतेकांत चूक वाचणाऱ्याची निघाली.

हिजरी सालाचं इसवी साल काढायचं असेल तर त्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १३२९ ला गुणून १२८९ येतात, त्यात ६२२ मिळवले की १९११. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, तेवढा धरून चालायचं.

निजामी नाण्यांवर हिजरी सालाबरोबर जुलूसचं सालही असतं, म्हणजे राजा गादीवर बसल्यापासूनचं कितवं वर्ष. मीर उस्मान अली खान ऑगस्ट १९११ मध्ये, रमजान १३२९ ला गादीवर आले. त्यामुळे नाण्यावर १३४० असेल तर जुलूस ११ किंवा १२ यायला हवा. भलताच आकडा असेल आणि तो नीट वाचला असल्याची खात्री असेल, तर एका बाजूला जुना ठसा आणि दुसऱ्या बाजूला नवा वापरला गेला असण्याची शक्यता आहे. असं नाणं जाणकाराला जरूर दाखवावं. आपल्या भागात ज्याला उर्दू वाचता येतं त्याच्याकडे ही तपासणी करण्याचं हत्यार जन्मतः आहे, आणि नव्या पिढीत ते बोथट होत चाललंय याची आम्हाला खंत आहे.

हाली सिक्का

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिलं, पण आपली सरहद्द मराठवाड्याला लागून. सोयरिकी हिंगोली, परभणीकडच्या. त्यामुळे कलदार आणि हाली सिक्का दोन्ही घरात यायचे. दोन्हींचा भाव सारखा नव्हता. १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली द्यावे लागत. निकाहनाम्यात मेहरच्या रकमेपुढे 'सिक्का-ए-राइजुल-वक्त', म्हणजे चालू चलनात, असं लिहितात. ज्या इलाख्यात दोन चलनं होती तिथे हे शब्द नुसते शोभेचे नव्हते.

कलदार रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. हाली रुपया ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि त्यात चांदीचं प्रमाणही कमी, सुमारे ८२ टक्के. म्हणून हाली रुपया काट्यावर हलका भरला तर तो खोटा किंवा चुकीचा ठरत नाही.

चारमिनारच्या रुपयावर मधल्या कमानीत एक अक्षर असतं. मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर 'मीम', उस्मान अली खान यांच्या नाण्यावर 'ऐन'. उस्मान अली खान यांच्या सुरुवातीच्या नाण्यांवर हे ऐन अर्धं आहे, फक्त डोकं. नंतर पूर्ण ऐन येतं. अर्धं ऐन ही ठशाची चूक नाही, तो वेगळा प्रकार आहे. याच नाण्यांवर ९२ आकडा असतो. ते साल नाही. अबजद हिशेबाने मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४, मिळून 'मुहम्मद' या नावाचे ९२ होतात.

यंत्रावरच्या नाण्यातल्या खऱ्या चुका

यंत्रावर पत्र्यातून गोल चकत्या कापतात, त्यांची कडा उचलतात, मग चकती एका पोलादी कड्यात बसवून दोन ठशांमध्ये दाबतात. चूक या तीनपैकी कुठेही होऊ शकते.

चकती कापताना पत्रा नीट पुढे सरकला नाही तर आधीच्या भोकाचा भाग नव्या चकतीत येतो आणि नाण्याला चंद्रकोरीसारखा चावा बसलेला दिसतो. हा प्रकार सगळ्यात जास्त नकली केला जातो, कारण कानसेने घासून कुणालाही करता येतो. ओळखायची युक्ती अशी. चाव्याच्या बरोबर समोरची कडा बघा. चकतीची कडा उचलताना एका बाजूला धातूच नसल्याने समोरच्या बाजूला दाब कमी पडतो, आणि तिथली कडा पुसट किंवा सपाट राहते. खऱ्या चाव्याजवळची अक्षरंही थोडी ओढल्यासारखी, चाव्याकडे वाहत गेल्यासारखी दिसतात. समोरची कडा ठणठणीत आणि चाव्याजवळची अक्षरं सुरीने कापल्यासारखी असतील तर कानसेवर शंका घ्या.

भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला. युद्धात तांबं वाचवायला सरकारने तो पाडला. त्याचं भोक सरकलेलं, दुहेरी किंवा अजिबात नसलेलं सापडलं तर ती टांकसाळीची चूक असू शकते. पण दुसऱ्या नाण्यांना पडलेली भोकं बहुतेक आपणच पाडलेली. ताविजाच्या दोऱ्यात, लेकराच्या करगोट्यात, गळ्यातल्या माळेत. मानोरा भागात बंजारा भगिनींच्या जुन्या पोशाखावर आणि दागिन्यांवर नाणी लावलेली असत. त्यांना कडी डाखवलेली असे, आणि कडी निघाल्यावर काठावर डाखाचा डाग राहतो. ते त्या दागिन्याचं मोल आहे, टांकसाळीशी त्याचा संबंध नाही.

ठशाच्या चुका जास्त रंजक. ठसा तडकला की तडीत धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उंच रेघ येते. हा शब्द लक्षात ठेवा, उंच. ओरखडा खोल असतो, तडा उंच असतो. नखाने कळत नसेल तर सराफाकडच्या दहापट भिंगाखाली कळतं. ठशाचा तुकडाच उडाला तर कडेला बिनआकाराचा गोळा उमटतो. ठशाच्या खाचेत तेल-धूळ साचली तर अक्षर गायब होतं. पण तेवढंच अक्षर गायब आणि शेजारचं धारदार असेल तरच, नाहीतर ती नुसती झीज.

ठसा फिरणे हा प्रकार घरबसल्या तपासता येतो. स्वतंत्र भारताची नाणी पुस्तकाच्या पानासारखी उजवीकडून डावीकडे उलटली की मागची बाजू सरळच यायला हवी. ती आडवी किंवा पूर्ण उलटी आली तर ठसा फिरलेला आहे. पाच-दहा अंशांचा फरक सर्रास असतो, त्याला कुणी विचारत नाही. नव्वद किंवा एकशेऐंशी अंश असेल तर बाजूला ठेवा.

मारताना होणाऱ्या चुकांत सरकलेली छाप सगळ्यांना माहीत आहे. एका बाजूला कोरी चंद्रकोर, दुसऱ्या बाजूला मजकूर कापलेला. पोलादी कडं नसताना मार बसला तर नाणं पसरून मोठं होतं आणि किनारीवरचे दाते नसतात. आमच्या गावावरून अकोला-पूर्णा रेल्वे जाते, आणि रुळावर नाणं ठेवणारी पोरं प्रत्येक पिढीत असतात. त्या नाण्याचंही 'पसरलेलं नाणं' म्हणून कौतुक होतं! रुळावरच्या नाण्यात अक्षरं दबून पसरट होतात. टांकसाळीतल्या पसरलेल्या नाण्यात अक्षरं उठावदार राहतात.

आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच मार बसला तर आरशातलं नाणं तयार होतं. इथे एक पक्की खूण आहे: दोन्ही बाजूंना एकच चित्र असतं, एकीकडे सरळ व उठावाचं, दुसरीकडे उलटं व खोल. दोन नाणी शिकंज्यात दाबून हे नकली बनवतात. त्यात खोल चित्राखाली मूळ चित्राच्या खुणा उरतात, आणि दुसऱ्या बाजूचा उठाव चपटा होतो.

दोन्ही बाजूंना छापाच असलेलं नाणं मात्र जवळपास नेहमीच कारागिरी. एक नाणं आतून पोखरतात, दुसरं घासून त्यात बसवतात. कडेच्या आतल्या बाजूला भिंगाखाली सांधा दिसतो, आणि फरशीवर टाकलं की आवाज बद्द येतो.

वजनकाटा आणि लोहचुंबक, एवढ्या दोन वस्तूंनी अर्धं काम होतं. चांदीला चुंबक ओढत नाही, म्हणून चांदीचा म्हणून दिलेला राणीछाप रुपया चुंबकाला चिकटला की विषय संपला. १९४७ चा वाघाचा रुपया मात्र निकेलचा, तो चिकटतो आणि चिकटायलाच हवा. वजन बरंच कमी आणि सगळीच नक्षी सारखी मऊ पडलेली असेल तर नाणं तेजाबात बुडवलेलं असतं.

ज्या चुका चुका नाहीत

सालाखालचा चौकोनी हिरा, तारा, ठिपका या टांकसाळीच्या खुणा. हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. १९८५ च्या एक रुपयावर 'एच' दिसतो तो विलायतेतल्या हीटन टांकसाळीचा. १८६२ सालाचे राणीछाप रुपये १८७४ पर्यंत तेच साल ठेवून पाडले जात होते आणि खरं वर्ष कळावं म्हणून ठिपके दिले जात. त्या ठिपक्यांनाही लोक चूक समजतात.

१९११ च्या रुपयाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मुस्लिम समाजाशी थेट जोडलेली आहे. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या शाही साखळीत हत्ती होता. कोरताना त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमानांनी आक्षेप घेतला, नाणी परत मागवून वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड लांब केली. यंत्राने इथे काहीच बिघडवलं नव्हतं, प्रत्येक नाणं ठशाबरहुकूम होतं. चूक कोरणाऱ्याच्या नजरेची. वाचलेला १९११ चा रुपया संग्राहक आवर्जून घेतात.

दहाच्या नाण्याबद्दलही सांगायला हवं. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं, नसलेलं खोटं, अशी अफवा आपल्या बाजारात अजून आहे आणि गरीब माणसाचं नाणं परत केलं जातं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की त्या वेळेपर्यंतच्या चौदाही नमुन्यांची दहाची नाणी चालतात.

रामदरबार किंवा हनुमान असलेली, १८१८ किंवा १६१६ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेली नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत. अकबराच्या चौकोनी रुपयाच्या धर्तीवर कलमा आणि चार यारांची नावं असलेले टाकही तसेच, बरकतीसाठी म्हणून नंतर बनवलेले. श्रद्धेने ठेवा, पण मुघल नाणं म्हणून विकत घेऊ नका.

फोन येतो तेव्हा

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. नाण्याचा फोटो टाकला की फोन येतो. समोरचा अदबीने बोलतो, नाण्याचे पाच लाख ठरवतो, मग नोंदणी फी मागतो, मग जीएसटी, मग प्रमाणपत्राचा खर्च. रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेला कागदही पाठवतो. ७८६ नंबरच्या नोटा आणि वैष्णोदेवीचं नाणं यांच्या नावाने हाच खेळ चालतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, कुठलीही फी किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार कुणाला दिलेलाही नाही. आमच्या ओळखीतल्या एका विधवा खालाने शिलाईचे साठवलेले पैसे असे हप्त्याहप्त्याने घालवले. नाणं अजून तिच्याकडेच आहे, साधं, बाजारात शंभर-दोनशेचं. खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

किमतीचं म्हणाल तर बहुतेक खऱ्या चुकांनाही फार मोठी रक्कम मिळत नाही. चांदीच्या रुपयात निदान चांदीचा भाव असतो, तेवढा सराफाकडून आधी काढून घ्या.

दाखवायचं कुठे, ठेवायचं कसं

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे नाण्यांचं संग्रहालयही आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात विदर्भातली जुनी नाणी आहेत. तिथली अस्सल नाणी एकदा डोळ्यांखालून घातली की नजर तयार होते.

जुनं घर पाडताना किंवा शेतात नांगरताना जमिनीतून नाणी निघाली तर प्रकरण वेगळं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर सापडणाऱ्याचा हक्कही जातो आणि शिक्षाही होते. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही, आखातात राहणाऱ्या नातेवाइकांना भेट म्हणूनही नाही.

नाणं घासू नका. चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर, काहीही लावू नका. वरचा काळपट थर गेला की जाणकार हात लावत नाही, आणि बारीक तडा किंवा दुहेरी छापही त्यातच पुसली जाते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, त्यापेक्षा साधं कोरडं कागदी पाकीट बरं. पाकिटावर नाणं कुणाकडून आलं, कुठल्या गावचं, वजन किती, एवढं लिहून ठेवा. कुणाला दाखवायला फोटो पाठवायचा असेल तर दोन्ही बाजू, किनार आणि काट्यावरचं वजन असे चार फोटो काढा, उन्हात नको, खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात. सुरुवातीला नाण्याची चांगली बाजूच पाठवण्याचा मोह होतो, पण तपासणाऱ्याला किनारीचा फोटो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.